शिजवलं आम्ही, रुजवलं मेंढरांनी

चोवीस तास बाभळीचं बी शिजवणारा सरकारी नोकर अख्ख्या सातारा-सांगलीत मी एकटाच असेन. नोकरीत असेपर्यंत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आता पेन्शन घेऊन घेऊन हात दुखायला लागले, आणि ज्या साहेबांच्या कानावर ती गेली असती तर माझी धडगत नव्हती, ते साहेबही कधीच निवृत्त होऊन नातवंडं खेळवू लागले. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

मी मूळचा वाईचा. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलो, वडिलांचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान. झाडं लावणाऱ्या सरकारी खात्यात मला नोकरी लागली तेव्हा आईला वाटलं, पोरगा महाबळेश्वरच्या वाटेवर कुठेतरी जाईल. नेमणूक झाली ती थेट पूर्वेला, माण आणि आटपाडीच्या शिवेवरच्या एका गावात. औंधच्या पुढे एसटी गेली, यमाईचा डोंगर मागे पडला आणि खिडकीबाहेर नुसता माळ सुरू झाला. मी पत्र लिहून वडिलांकडे रडगाणं गायलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, "झाडं लावायची नोकरी आहे ना? मग जिथं झाडं नाहीत तिथंच पाठवणार. घाटावरच्या पिंपळाला काय तुझी वाट बघायची आहे?"

बहात्तरचा तो मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. खात्याची एक योजना होती. शेतकऱ्यानं आपलं पडीक रान द्यायचं, खात्यानं त्यात झाडं लावायची आणि तीन वर्षं राखायची. तीन वर्षांनी साहेब येऊन बघणार. झाडं उभी असली तर ती शेतकऱ्याच्या मालकीची, आणि पुढची राखण खात्याच्या मदतीनं. उभी नसली तर कागदावर 'अयशस्वी' असा शिक्का, आणि खात्यानं हात झटकायचे. माझा हुद्दा कनिष्ठ सहाय्यकाचा. गावानं आठ दिवसांत तो खोडून मला 'झाडमास्तर' करून टाकलं.

रान द्यायला गावात कुणी तयार होईना. "सरकार एकदा आत शिरलं की भाईर निगत न्हाई," असं लोक तोंडावर सांगत. तयार झाली एकटी पारूआक्का. पन्नाशीची बाई, नवरा मिलिटरीतून रिटायर होऊन घरी आला आणि दोन वर्षांत काविळीनं गेला. एकुलता मुलगा सदा माधवनगरच्या गिरणीत. गावालगत तिचं थोडं जिराईत होतं, ते सदानं आधीच चुलत्याला कसायला देऊन टाकलं होतं. राहिला होता टेकडीच्या पायथ्याचा बारा एकरांचा मुरमाड तुकडा. त्यात कुसळाखेरीज काही उगवत नसे.

त्या तुकड्यावर सदाचा डोळा होता, म्हणजे वाईट अर्थानं नव्हे. त्याला आईची काळजी होती. त्याचं म्हणणं, हा माळ विकून टाकू, गावातलं घर बंद करू आणि तू माझ्याकडे चल. माधवनगरला त्याची दहा बाय दहाची खोली होती. पारूआक्का एकदा तिथं आठ दिवस राहून आली होती आणि आल्या आल्या तिनं गावाच्या ओढ्यात पाय बुडवून अर्धा तास बसकण मारली होती, असं लोक सांगत. तिनं मुलाकडून तीन वर्षांची मुदत मागून घेतली. "सरकार झाडं लावतंय. तीन वर्सांत रान उभं ऱ्हायलं तर मी हितंच. न्हाई ऱ्हायलं तर तू म्हणशील तवा गाठोडं बांधती." सदानं हो म्हटलं. तो मनातून हसला असणार.

म्हणजे माझ्या झाडांवर पारूआक्काचं घर टांगलेलं होतं. हे ती मला पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली. "मास्तर, तुमची बदली व्हईल, मला बदली न्हाई. ध्येनात ठेवून खड्डं खणा."

आता माझं पहिलं मोठं कर्तृत्व सांगतो, आणि ते सांगताना आजही मान खाली जाते. आमच्या खात्यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मेंढरू. भिंतीवर रंगवलेल्या पाट्यांवर, परिपत्रकांत, साहेबांच्या भाषणात, सगळीकडे एकच मंत्र: चराईबंदी. पारूआक्काच्या रानाशेजारी टेकडीवर खात्याची स्वतःची एक बंदिस्त लागवड होती. काटेरी तार, लाकडी फाटक, फाटकाला कुलूप. दसऱ्याच्या सुमारास बिरूतात्या धनगराची मेंढरं तारेच्या एका फटीतून त्यात शिरली. मी नवा, रक्त गरम. सगळी खांड, म्हणजे मेंढरांचा अख्खा कळप, हाकत नेऊन कोंडवाड्यात घातली. कोंडवाडा म्हणजे चुकार जनावरांचा सरकारी तुरुंग. सुटका व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. आया आत आणि काही कोकरं बाहेर राहून गेली होती. त्यातली दोन दगावली.

बिरूतात्या भांडला नाही. साठीकडे झुकलेला, काटक माणूस. खांद्यावरची घोंगडी सारखी करून एवढंच म्हणाला, "मास्तर, तारंला भोक तुमच्या माणसानं पाडलं हुतं, लाकडं न्यायला. मेंढराला काय, वाट दिसली की ते शिरतंय." चौकशी केली तर खरंच होतं. चोर सोडून मी संन्याशाला फासावर दिलं होतं.

वैशाख आला. पावसाआधी बी तयार करायचं होतं. मी बाभूळ, हिवर, लिंब आणि बोर अशी इथलीच झाडं मागितली होती. साहेबांना निलगिरी हवी होती, पण निलगिरीची रोपं पाणी मागत आणि पाणी गावाला प्यायला नव्हतं. "लावा तुमचे काटेकुटे," म्हणत त्यांनी परवानगी दिली आणि वर निवडलेल्या बाभळीच्या बियांचं एक पोतं पाठवलं. सोबत परिपत्रक.

बाहेरच्यांसाठी सांगतो. बाभळीच्या बियाचं कवच भलतं टणक असतं. ओल आत शिरत नाही आणि बी वर्ष वर्ष मातीत तसंच पडून राहतं. ते कवच हळवं करण्यासाठी त्यावर उकळतं पाणी ओततात आणि त्याच पाण्यात निवत ठेवतात, दुसऱ्या दिवशी पेरतात. एवढं सोपं काम. पण परिपत्रकातलं वाक्य असं होतं: "बी उकळत्या पाण्यात चोवीस तास ठेवावे."

मी ते तीनदा वाचलं. उकळत्या पाण्यात. चोवीस तास. पाणी उकळतं राहिलं पाहिजे, तेही चोवीस तास, हे स्पष्टच होतं. मी शाळेत व्याकरणात पहिला यायचो, तेच नडलं.

पारूआक्काच्या अंगणात तीन चुली मांडल्या, गावजेवणाची तीन पातेली मागून आणली आणि सकाळी सातला आम्ही बी रटरटायला टाकलं. पाणी आटलं की घालायचं, जाळ कमी झाला की लाकूड सारायचं. गंमत म्हणजे जळण बाभळीचंच होतं. येणारे जाणारे थांबून विचारत, "आक्का, जेवान कशाचं?" दुपारी पारूआक्कानं एक बी बोटांत धरून दाबलं. ते हुलग्यासारखं मऊ झालं होतं.

"मास्तर, ह्ये शिजलं की हो."

"परिपत्रकात चोवीस तास आहेत, आक्का."

"आवं पर शिजल्यालं उगवतंय व्हय कुटं? म्या जन्मात हुलगं शिजवून पेरलं न्हाईत."

"शास्त्र आहे ते," मी म्हणालो. हे वाक्य मला मरेपर्यंत पुरणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यांत काळसर पिठलं होतं. एका कोंबडीनं त्यात चोच घातली आणि मान झटकून निघून गेली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोतं गेलं. साहेबांकडे दुसरं मागायचं तर पहिल्याचं काय झालं ते लिहून द्यावं लागणार. आणि पाऊस महिन्यावर आलेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही शिजलेला. पारूआक्का पायरीवर बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हंजे माधवनगर."

मी उठलो आणि बाभळीच्या शेंगा कुठे मिळतात का ते बघायला ओढ्याकाठी निघालो. काठानं जुन्या बाभळी होत्या, पण त्यांच्याखाली एक शेंग शिल्लक नव्हती. पलीकडे बिरूतात्याचा वाडा बसला होता, म्हणजे मेंढरांचा रात्रीचा मुक्काम. कोकणातून तो नुकताच परतला होता. हातात लांब काठीची आकडी घेऊन तो बाभळीच्या फांद्या हलवत होता आणि शेंगा पडतील तशी मेंढरं त्या मटकावत होती.

कोंडवाड्यानंतर मी त्याच्या समोर गेलो नव्हतो. पण गरजवंताला अक्कल नसते. मी त्याला सगळं सांगितलं, बी शिजवलं तेसुद्धा. तो इतका हसला की घोंगडी खाली पडली. मग त्यानं डोळे पुसले आणि माझा हात धरून मला गेल्या सालच्या वाड्याच्या जागेवर नेलं. जमिनीवर जुन्या लेंड्यांचा थर होता आणि त्यातून वीतवीत उंचीची बाभळीची रोपं वर आली होती. एक नव्हे, दहा नव्हे, शेकड्यानं.

"ह्यास्नी कुणी पेरलं?" मी विचारलं. त्याच्यासारखं बोललो हे माझं मलाही कळलं नाही.

"मेंढरानं," तो म्हणाला. "शेंग खातंय. गर त्याला, बी आपल्याला. रवंथ करताना थुकतंय न्हाईतर लेंडीतनं टाकतंय. पोटातल्या गरमीनं त्येचं टरफाल हळवं व्हतंय. तुमच्या पातेल्यात चोवीस तास लागलं, मेंढराच्या पोटात बी तितकंच लागत असतील. पर ते शिजवत न्हाई. मेंढराला परिपत्रक वाचता येत न्हाई न्हवं."

ज्यांना हाकलायला मला पगार मिळत होता, त्यांच्या पोटात माझी रोपवाटिका होती.

पुढच्या पंधरा दिवसांना मी नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस म्हणतो. आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायची पद्धत जुनी आहे. धनगर आपली खांड रात्री शेतात बसवतो, लेंडी-मुताचं खत रानाला मिळतं आणि शेतकरी त्याला धान्य देतो. पारूआक्काच्या मुरमाड माळावर मेंढरं बसवायला आजवर कुणी बोलावलं नव्हतं, खत घालून तिथं पिकवणार काय? आम्ही बोलावलं. दिवसा बिरूतात्या ओढ्याकाठच्या शेंगा चारी आणि संध्याकाळी मेंढरं माळावर आणी. रोज जागा बदलायची, आम्ही खणलेल्या चरांच्या कडेकडेनं. मेंढरं बी टाकत, खत टाकत आणि उठताना खुरांनी दोन्ही मातीत दाबत. हिवराच्या शेंगांचंही तसंच केलं. लिंबोळ्या आणि बोराच्या आठोळ्या मात्र आम्ही हातानं टोचल्या.

कोंडवाड्यापायी मेलेल्या कोकरांचा विषय मीच काढला. भरपाई वगैरे काही बोलायला लागलो. बिरूतात्यानं मला मध्येच तोडलं. "ती गेली ती गेली. आता तुमी मला येक सांगा, ह्या रानात मेंढरू पुन्ना कवा येनार?"

"झाडं लावल्यावर? कधीच नाही. नियम आहे."

"मग कशाला लावताय? कोंडून ठेवायला?"

आम्ही बांधावर बसून तासभर वाद घातला, पारूआक्का पंच. मी म्हणालो, मेंढरं झाडं खातात. तो म्हणाला, "मेंढरू खाली बगून चरतंय, शेरडू वर बगून. झाड मेंढराच्या तोंडाच्या वर गेलं की मेंढराचा त्येच्याशी संबंध न्हाई. शेरडाला मात्र गावात ठेवा." शेवटी असं ठरलं की तीन पावसाळे सरेपर्यंत रानात खूर पडायचं नाही आणि राखण बिरूतात्याच्या भावकीतल्या सगळ्या खांडांनी मानायची. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गवत वाढलं की मेंढरं आत, शेळ्या-शेरडं बाहेर. कागद केला नाही. बिरूतात्यानं बांधावरच्या दगडाला बिरोबाचं नाव घेऊन भंडारा लावला. आमच्या टेकडीवरच्या तारेनं जे कधी साधलं नाही ते त्या चिमूटभर हळदीनं साधलं. तिसरा पावसाळा सरेपर्यंत एक मेंढरू आत आलं नाही.

शेरडू आलं. ते बिरूतात्याच्याच बायकोचं, पांढऱ्या कानांचं, अत्यंत बेशरम. मागच्या दोन पायांवर उभं राहून त्यानं हिवराच्या नऊ रोपांचे शेंडे उडवले. पारूआक्कानं ते धरून आणलं आणि आपल्या दाराला बांधलं. बिरूतात्याची बायको सोडवायला आली तर म्हणाली, "नऊ शेंडं फुटंस्तवर हितंच ऱ्हाईल." सव्वा महिना ती त्या शेरडाच्या दुधाचा चहा पीत होती. शेंडे फुटले तेव्हा शेरडू जायला तयार होईना.

झाडं वाढली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर चरांच्या कडेच्या बाभळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या. खाली गवत कमरेएवढं. शब्दाप्रमाणे कार्तिकात बिरूतात्यानं मेंढरं आत घातली. मी स्वतः काठी घेऊन पुढे उभा होतो. तासाभरानं मी काठी खाली ठेवली. माना खाली घालून मेंढरं गवत कापत चालली होती, आणि झाडांकडे बघायलाही त्यांना सवड नव्हती. पंधरा दिवसांत त्यांनी रान न्हाव्यानं केल्यासारखं स्वच्छ केलं, खत टाकलं आणि कोकणच्या वाटेला लागली.

फाल्गुनात साहेब तीन वर्षांची पाहणी करायला आले. साहेब वाईट माणूस नव्हता. प्रामाणिक, शिस्तीचा, पायात कायम कडक इस्त्रीची पँट. फक्त त्यांचा विश्वास कागदावर होता आणि कागद म्हणे, मेंढरू वाईट. कुणीतरी माझ्याविरुद्ध निनावी अर्जही धाडला होता. जीपमधून उतरून ते रानात दहा पावलं चालले, वाकले आणि बोटानं जमिनीकडे दाखवलं.

"हे काय आहे?"

"लेंडी आहे, साहेब."

"कुणाची?"

"मेंढीची, साहेब."

"चराई झाली इथं?"

मी झाडांकडे हात केला. ते वर बघेनात. "चराई झालेलं क्षेत्र अयशस्वी धरावं असा नियम आहे. झाडं किती आहेत हा प्रश्नच नाही. शेजारी आपली टेकडीवरची लागवड बघा, गवताचं पातंही कुणाला हलवू दिलं नाही. त्याला राखण म्हणतात." माझ्याबद्दल काय लिहायचं ते नंतर बघू म्हणाले. पंधरा दिवसांत अहवाल जाणार होता.

पारूआक्का सगळं ऐकत होती. जीप गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "झाडं तर हायत की हो मास्तर. मग ती न्हाईत असं कसं लिवत्यात?" सदाला कळवायचं पत्र तिनं माझ्याकडूनच लिहून घेतलं. दोन ओळींचं पत्र होतं. मी ते खिशात घालून चार दिवस फिरलो, पेटीत टाकायला हात होईना. शेवटी टाकलं.

त्याच आठवड्यात वणवा आला. टेकडीपलीकडे कुणी बांध जाळत होतं, दुपारी वारा सुटला आणि जाळ टेकडीवर चढला. खात्याच्या बंदिस्त लागवडीत तीन वर्षांचं न हलवलेलं गवत होतं, वाळून कोळ झालेलं. कुलूप लावलेल्या फाटकाआड ती आग पायऱ्या उतरावी तशी खाली आली. सगळं गाव लिंबाच्या डहाळ्या घेऊन धावलं. आम्ही पारूआक्काच्या बांधावर रांगेनं उभे राहिलो. धूर इतका की शेजारचा दिसेना. मला वाटलं, संपलं. पारूआक्का माझ्या डाव्या हाताला होती, पदर तोंडाला बांधून, आणि ती आगीला शिव्या देत होती. अशा शिव्या मी त्याआधी आणि नंतर ऐकल्या नाहीत.

आग बांधापर्यंत आली. बांध ओलांडून आत आली. आणि तिला खायला काही मिळेना. मेंढरांनी चरलेल्या जमिनीवर बोटभर खुंट होते, त्यातून एक हात इकडे, दोन हात तिकडे जाळाच्या जिभा फिरल्या. लोकांनी डहाळ्यांनी त्या बडवल्या. पहिल्या ओळीच्या पंचवीस-तीस झाडांचा पाला करपला. मग वाऱ्याला काही सुचेना, आगीलाही सुचेना. अर्ध्या तासात ती तिथं विझली.

धूर निवळला तेव्हा बांधाच्या वर सगळं काळं आणि बांधाच्या खाली बारा एकर हिरवं होतं. मग गावातला एक म्हातारा, जो तीन वर्षं मला 'काट्यांचा मास्तर' म्हणून चिडवत होता, खाली वाकला, एक लेंडी उचलली आणि कपाळाला लावली. सगळं गाव हसत सुटलं आणि मीही हसलो आणि मग मला रडू आलं. रडलो. त्यात लाज नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. आधी आपल्या जळक्या टेकडीवर एकटे फिरले, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली. मग खाली येऊन बांधावर उभे राहिले. एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं. या वेळी ते झाडांकडे वर मान करून बघत होते. मग बॅगेतून अहवालाचा कागद काढला.

"लागवडीला जाळरेषा हवीच असा नियम आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. जाळरेषा म्हणजे वणवा अडावा म्हणून गवत काढून साफ ठेवलेला पट्टा. "टेकडीवर ती काढली नव्हती. ती माझी चूक. इथं काढलेली आहे."

"इथं जाळरेषा नाही, साहेब," मी बोललो. खरं बोलायची खोड कुठे नेऊन सोडेल सांगता येत नाही.

"आहे," साहेब म्हणाले. "बारा एकर रुंद आहे." आणि त्यांनी लिहिलं: 'जाळरेषा: मेंढ्यांमार्फत. क्षेत्र यशस्वी.' सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मला म्हणाले, "त्या बियांच्या पोत्याचं काय झालं होतं? त्यातून इतकी झाडं आली?"

"पोतं पूर्ण वापरलं, साहेब," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

पुढे मी खूप झाडं लावली. वरून हुकूम आले तशी निलगिरीही लावली, सुबाभूळही, आणि माझ्या हातून माळच्या माळ एका जातीनं झाकले गेले. त्याचं मला आज बरं वाटत नाही. मेंढरं बसवून रान करण्याचा प्रयोग मी पुढच्या दोन ठिकाणी केला, तिसऱ्या ठिकाणचे साहेब वेगळे निघाले. पण पारूआक्काच्या माळाची आठवण आली की मला कुणाचा हेवा वाटत नाही.

सदा आला तो वैशाखात. आधीचं पत्र त्याला मिळालं होतं. झाडं पास झाल्याचं मी मागाहून कळवलं होतं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता, की आईनं मास्तरला फूस लावून लिहून घेतलं असं त्याला वाटलं होतं, कोण जाणे. सामान न्यायला तो रिकामी पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरला आणि आई घरी नाही म्हणून ट्रंक डोक्यावर घेऊन तसाच रानात आला. मी आणि पारूआक्का बांधावर भाकरी खात होतो. दुपारचे बारा. त्यानं ट्रंक एका बाभळीखाली टेकवली, त्यावर बसला, शर्टानं तोंड पुसलं आणि वर बघितलं. फांद्यांतून गाळलेलं ऊन त्याच्या अंगावर पडत होतं. लहानपणापासून या रानात त्याला बसायला सावली मिळाली नव्हती.

तेवढ्यात खालच्या अंगानं बिरूतात्याची हाळी आली. मेंढरं दुपारच्या विसाव्याला येत होती. ऊन चढलं की मेंढरू चरायचं थांबतं आणि सावली धरून माना एकमेकांच्या पोटाखाली घालून उभं राहतं. त्यांच्या रोजच्या जागा ठरलेल्या होत्या. पुढची मेंढी सदाच्या ट्रंकेपाशी येऊन थांबली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली, मागची सगळी तिच्यामागे दाटली.

पारूआक्कानं भाकरीचा तुकडा हातातच ठेवून हाक मारली.

"सदा, ऊठ तितनं. ती जागा मेंढरांची हाय. त्यांनी लावल्यात ती झाडं. तुला बसायचं तर हिकडं बांधावर ये, भाकरी हाय."

सदा उठला. ट्रंक उचलून तो उन्हात बाजूला झाला आणि मेंढरं सावलीत शिरली.